मोहाचा पाक

मराठीत पाक म्हणजे साखर नाहीतर गूळ पाण्यात विरघळवून, उकळून केलेला गोड रस. उर्दूत पाक म्हणजे स्वच्छ, पवित्र. आमच्यासारख्या घरांत, जिथे चुलीपाशी एक बोली आणि बाजारात दुसरी चालते, तिथे हे दोन्ही पाक वर्षानुवर्षं एकाच तोंडात नांदत आले आणि त्यांची कधी गल्लत झाली नाही. ती पहिल्यांदा झाली मोहामुळे. मोहाची फुलं उकळून केलेला पाक आम्ही गुलगुल्यांत घालायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या एका पोराने विचारलं, ‘मोहाचा पाक पाक असतो का?’ सगळे हसले. अम्मी हसली नाही.

तिचं न हसणं समजण्यासारखं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुसलमान घरांत मोहाचं नाव निघतं ते दारूच्या जोडीनेच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्यामागे गावोगावच्या बायांचं आणि डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचं आंदोलन होतं. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदी असो नसो, हातभट्टी कुठे ना कुठे लागतेच, आणि हातभट्टी म्हणजे मोह. त्याच २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध शिथिल केले. कागदावरचे निर्बंध शिथिल होतात, नजरेतले होत नाहीत. पिशवीत दोन किलो मोहफुलं घेऊन बसमध्ये बसलेल्या टोपीवाल्या माणसाकडे शेजारचा प्रवासी आधी वास घेतो, मग पाहतो, हे आम्ही अनुभवलं आहे.

ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. मार्च-एप्रिलमध्ये पानगळीनंतर मोह फुलतो. फुलं फिकट, गुबगुबीत, रसाने भरलेली. ती झाडावरून तोडायची नसतात. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत ती आपोआप टपटप गळतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात. म्हणून बायामाणसं, पोरंसोरं पहाटेच्या काळोखात टोपल्या घेऊन निघतात. २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन वर्षांत मोहाचा बहर आणि रमजान एकत्र आले होते. आमच्या नानीच्या गावी, आरमोरीच्या बाजूला, आम्ही सेहरीसाठी उठायचो त्याच वेळी पलीकडच्या टोल्यावरच्या बाया मोहाला निघायच्या. आमच्या खिडकीत दिवा, त्यांच्या हातात बॅटरी. त्यांच्या वाटेत अस्वल असतं, कारण अस्वलालाही मोह आवडतो, आणि अलीकडे वाघ असतो. मोह वेचायला वाकलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत दर हंगामात येतात. टोपलीभर गोडव्याची ही किंमत साखर घेताना कुणाला द्यावी लागत नाही. म्हणजे निदान आम्हाला दिसत नाही.

आता आम्ही मोहाकडे वळलो कसे? मधामुळे. नानीच्या घरी गोडाचे तीन प्रकार असायचे. साखर पाहुण्यांच्या चहाला, गूळ रोजच्याला आणि मध औषधाला, शरबताला. मध रानातला, आग्या मोहोळाचा. उंच झाडाच्या फांदीखाली हाताएवढी, कधी सुपाएवढी लोंबणारी ती पोळी. विकायला एक गोंड मावशी यायच्या, स्टीलच्या डब्यात मध आणि वर पळसाचं पान. तो मध पातळ असायचा, कारण रानातल्या मधात पाण्याचं प्रमाण अनेकदा जास्त असतं. दोन महिन्यांत त्याला फेस यायचा आणि नानी तो बाजूला काढायची. मोह आणि मोहोळ हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या मधूकडून आलेले, हे आम्हाला बऱ्याच उशिरा शाळेत कळलं. नानीला शाळेशिवाय ठाऊक असावं, कारण तिच्या हिशेबात दोन्ही एकाच घरचे होते, एक शहाणा आणि एक वाया गेलेला.

मग मावशींचं येणं कमी झालं. मोहोळ जाळून, धूर करून मध पिळण्याची रीत पोळ्यालाही मारते आणि माश्यांनाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात लोकांनी अभ्यासगट करून मधाचा विषय मुळातून समजून घेतला आणि माश्या न मारता मध काढण्याची वाट धरली. याच गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. पण प्रत्येक गाव मेंढा नसतं. आमच्या भागात मध मिळेनासा झाला आणि आम्ही चंद्रपूरच्या दुकानातून बाटली आणू लागलो. घट्ट, सोनेरी, बारा महिने सारखीच दिसणारी.

ती इतकी सारखी का दिसते, याचा विचार डिसेंबर २०२०ने करायला लावला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाचे २२ नमुने तपासले. त्यांतले फक्त ५ सगळ्या चाचण्यांत उतरले. कंपन्यांनी आरोप नाकारले, वाद झाला, मग बातमी जुनी झाली. आमच्या डोक्यात मात्र त्यातली एक तांत्रिक गोष्ट रुतून बसली. ऊस आणि मका यांच्या साखरेतल्या कार्बनची खूण मधापेक्षा वेगळी असते, त्यामुळे त्यांचा पाक मधात मिसळला तर जुनी चाचणी तो पकडते. तांदळापासून केलेल्या पाकाची खूण मात्र मधासारखीच असते, म्हणून तो त्या चाचणीतून निसटतो. म्हणजे एका गोड रसाच्या जागी दुसरा घालण्याचा हा उद्योग आमच्या चुलीवर सुरू होण्याआधीच कुठल्यातरी कारखान्यात सुरू झाला होता. फरक इतकाच की आम्ही आमच्या पाहुण्यांना सांगतो.

पुढच्या बहरात मावशी भेटल्या. मध मागितला तर म्हणाल्या, ‘मध कुठं आहे जी आता? मोह न्या. पण तुमच्यात चालते का?’ आम्ही दोन किलो वाळली फुलं घेतली. पैसे देताना त्यांनीच राब कशी करायची ते सांगितलं. मोहाच्या दाट पाकाला आमच्याकडे राब म्हणतात.

राब करणं अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. वाळलेली फुलं तांबूस, मनुकांसारखी सुरकुतलेली असतात. त्यांत माती, काडी, कधी राखही असते, कारण वेचणं सोपं जावं म्हणून काहीजण झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्यातून रानाला आग लागते ती वेगळीच. फुलं तीन-चार पाण्यांनी धुवायची, आतले केसर झटकून टाकायचे, मग जेमतेम अर्धा तास भिजवून लगेच चुलीवर चढवायची. रात्रभर भिजत ठेवायची नाहीत. फुलं मऊ झाली की कुस्करून फडक्यातून गाळायची आणि तो रस मंद आचेवर आटवायचा. वाळल्या मोहात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, त्यामुळे किलोभर फुलांची आमच्या घरी अर्ध्या लिटरला थोडी कमी राब निघते. थंड ताटलीवर थेंब टाकावा. तो पसरला नाही, मधासारखा जागच्या जागी बसला, की भांडं उतरवायचं. रंग काळपट तांबडा, चव काकवी आणि खजूर यांच्या मधली. वास मात्र मोहाचाच. तो लपत नाही.

मध, काकवी, साखरेचा पाक आणि राब हे चारही गोड आणि ओघळणारे, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालेल असं वाटतं. पातेल्यात घातल्यावर ते चार वेगळ्या स्वभावाची माणसं निघतात. साखरेचा पाक आटवला की त्याला एकतारी, दोनतारी येते आणि तो थंड झाल्यावर परत साखर होऊन आळतो. रव्याचे लाडू त्यामुळेच वळतात. मधातली साखर वेगळ्या जातीची. ती हवेतला ओलावा धरून ठेवते आणि तशी कडक आळत नाही. राब या बाबतीत मधाच्या बाजूची. तिचे लाडू संध्याकाळपर्यंत हाताला चिकटत राहतात. आमच्या भाभीने पाकातले लाडू राबेत करून पाहिले आणि शेवटी त्यांचा मलीदा करून वाढला. मलीद्यात मात्र राब इतकी बसली की आता आमच्याकडे फातेहाच्या मलीद्याला गूळ जातच नाही.

शीरखुर्म्यात राब घालू नये, हे आमचं स्पष्ट मत. रंग मळतो, दुधाच्या आणि खजुराच्या वासावर तिसरा वास स्वार होतो, आणि राब जरा जुनी, आंबूस असली तर गरम दूध फाटतं. काकवीनेही फाटतं. जर्द्यातही नको, केशरी भात तपकिरी होतो. शाही टुकड्याला चालते, पण पाण्याने सैल करून, वेलची जरा जास्त घालून. शबे-बरातच्या चण्याच्या डाळीच्या हलव्याला उत्तम, कारण डाळीला स्वतःचा दमदार वास आहे आणि ती मोहाला दबत नाही. आणि गुलगुले! गुलगुल्यांत गुळाचं पाणी असतंच, त्याच्या जागी राबेचं पाणी घातलं की बाहेरून खरपूस आणि आतून दुसऱ्या दिवशीही मऊ. फक्त तेल फार तापू द्यायचं नाही. या जातीची साखर लवकर करपते, वरून काळं आणि आत कच्चं होतं.

भाजण्याच्या पदार्थांत हिशेब जास्त कडक. साखरेच्या जागी मध घालायचा तर एक वाटी साखरेला पाऊण वाटी मध पुरतो, कारण मध जास्त गोड असतो. त्यासोबत येणारं पाणी धरून दूध किंवा पाणी तेवढं कमी करायचं आणि भट्टीची आच पंधराएक अंशांनी उतरवायची. मधाच्या जागी राब घालताना वाटीला वाटी चालते, पण राब मधाएवढी घट्ट असेल तरच. पातळ राबेचा केक मधोमध बसतो. मध मुळात आंबट असतो, म्हणून मधाच्या केकला चिमूटभर सोडा पुरेसा होतो. राबेचा भरवसा नाही, कधी आंबूस, कधी नाही. तिथे आम्ही चमचाभर दही घालतो म्हणजे सोड्याला काम मिळतं आणि साबणासारखी चव उरत नाही. नानखटाईच्या वाटेला मात्र जाऊ नये. ती खुसखुशीत होते कोरड्या पिठीसाखरेने आणि तुपाने. तिच्यात कुठलाही ओला गोडवा घातला की तिची बिस्किटं होतात.

ईदेच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या बेकरीत घराघरांतले ट्रे भाजायला जातात. आम्ही राबेचा केक नेला तर भट्टीवाले चाचा म्हणाले, ‘हा आत ठेवला तर कोळसा होईल.’ लाकडाच्या भट्टीला पंधरा अंश कमी करण्याचं बटण नसतं. त्यांनी पावाचा घाणा निघेपर्यंत थांबवलं, भट्टी निवल्यावर ट्रे तोंडाशी ठेवला आणि दर थोड्या वेळाने फिरवला. केक सुंदर झाला. चाचांनी तुकडा तोडून खाल्ला आणि विचारलं, ‘खजूर घातली काय?’ आम्ही मोह सांगितलं. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी उरलेला तुकडा खाल्ला, पण दुसरा घेतला नाही.

ईदेला नागपूरहून आलेल्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी तेवढंही केलं नाही. गुलगुल्याचा वास घेतला, बशी सरकवली आणि दुसरा विषय काढला. कुणी काही बोललं नाही, पण ती भरलेली बशी दस्तरखानावर तशीच राहिली आणि अम्मीचा चेहरा उतरला. पाहुण्याने न खाता सोडलेली बशी म्हणजे घरावरची टीकाच. त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. एक म्हणत होता की ज्याने शंका येते ते सोडून द्यावं, जगात गुळाची कमी नाही. दुसरा म्हणत होता की शंका वासाची आहे, वस्तूची नाही, आणि वासाला घाबरून पहाटे रानात वाकणाऱ्या बाईच्या हातची वस्तू सोडायची तर उद्या द्राक्षंही सोडावी लागतील.

मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारायचं ठरलं. ते स्वतः बाहेरगावचे, मोह त्यांनी झाडावर कधी पाहिला नव्हता. त्यांनी हलाल-हरामवर प्रवचन दिलं नाही. दोनच प्रश्न विचारले. फुलं किती वेळ पाण्यात राहतात? फेस येतो का? आम्ही सांगितलं, अर्धा तास, आणि नाही. ते म्हणाले, मग हा खजुराच्या गोड पाण्यासारखाच प्रकार झाला. जुन्या अरबस्तानात खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून ते पाणी पीत, त्याला नबीज म्हणत. नशा चढण्याच्या आत ते पेय, चढल्यावर हराम. आम्हाला गंमत वाटली ती याची की मौलानांचे दोन प्रश्न आणि मावशींच्या दोन सूचना एकच होत्या. रात्रभर भिजवू नका, फेस येऊ देऊ नका.

पुढे अम्मीनेच एक गोष्ट दाखवून दिली. कुरआनची सोळावी सूरह नहल, म्हणजे मधमाशी. तिच्या ६८ आणि ६९ क्रमांकाच्या आयतींत मधमाशीचा आणि मधातल्या शिफेचा उल्लेख आहे, हे आपल्याकडे मधाच्या बाटलीवरही छापलेलं असतं. पण त्याच्या अगदी आधीची, ६७वी आयत कुणी छापत नाही. ती खजूर आणि द्राक्षांबद्दल आहे, ज्यांपासून लोक नशाही काढतात आणि चांगला आहारही. फळ एकच. अम्मी म्हणाली, ‘अरबांकडे मोह नव्हता, नाहीतर त्याचंही नाव आलं असतं.’ हे तिचं मत, आलिमांचं नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो. मराठीत मोह म्हणजे भुरळसुद्धा, यावरही त्या दिवशी बरेच विनोद झाले. ते इथे देत नाही.

मोहाची बाजू घेता घेता त्याला औषध करून टाकायची घाई आम्हाला नाही. आमच्या खालांना मधुमेह आहे. रानातली वस्तू, त्याने काय होतंय, असं म्हणत त्यांनी आठवडाभर चहात राब घातली आणि रक्तातली साखर जी चढली ती डॉक्टरांनीच उतरवली. राब म्हणजे साखरच, मधही साखरच. आणि घरात नातू जन्मला तेव्हा त्याच्या जिभेला मध लावायची तयारी झाली होती. दवाखान्यातल्या सिस्टरने हात धरला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, अस्सल असला तरी, कारण त्यात असू शकणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. मोठ्यांना ते बाधत नाही. नानीला हे पटायला वेळ लागला, तिने सहा पोरांना मध चाटवला होता. मग मधाच्या जागी राब लावू का, असं तिने विचारलं. तेही नको म्हटलं. तहनीक मुळात खजुराचीच, तीही चावून मऊ केलेली, टाळूला हलकेच लावलेली. दवाखान्यात ती सुद्धा किंचितच लावली आणि सगळ्यांचं समाधान झालं. या एका ठिकाणी आमच्या घरात अदलाबदल होणार नाही.

नागपूरचे पाहुणे पुढच्या ईदेलाही आले. अम्मीने दोन बश्या ठेवल्या, एक गुळाच्या गुलगुल्यांची, एक मोहाच्या, आणि कोणती कशाची ते आधीच सांगून टाकलं. त्यांनी गुळाचे घेतले. त्यांच्या नातवाने मोहाचे चार खाल्ले. कुणाला वाईट वाटलं नाही. अम्मीचा तर आता नियमच झाला आहे की राबेचा पदार्थ नाव सांगून वाढायचा, म्हणजे ज्याला नको त्याला बशी सरकवावी लागत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे आता त्याची आणि मोहाची चुकामूक सुरू झाली आहे. ईदेच्या वेळी ताजी राब मिळणं संपलं, गेल्या बहराची जपून ठेवावी लागते. चांगली आटवलेली राब कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्याने वापरली तर टिकते. पावसाळ्यात झाकणाखाली ओल धरते, म्हणून मृगाआधी ती एकदा परत उकळून घ्यायची. तरीही बरणी उघडताना फुस्स झालं किंवा वर बुडबुडे दिसले, तर चाखून पाहायची नाही, सरळ ओतून टाकायची. ते काम अम्मी स्वतः करते. गाळून उरलेला फुलांचा चोथा मात्र त्याच दिवशी, ताजा असतानाच, शेजारच्यांच्या बकऱ्यांना जातो.